नजर झुकली की नजर चोरली?

हो म्हणताना मान कशी हलवायची, हे शिकायला कुणी शाळेत जात नाही. आईच्या कपाळावरच्या आठ्या वाचायला मूल बाराखडीच्या कितीतरी आधी शिकतं. त्यामुळे चेहऱ्याची आणि अंगाची भाषा पुस्तकातून शिकायची असते, असं आपल्या मनातही येत नाही. पण घरातली मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली, समोर बसणारी माणसं इंग्रजीतून विचारणार आणि इंग्रजीतूनच तिला जोखणार असं कळलं, की एकाएकी मान, भुवया, खांदे, ओठ या सगळ्यांचे धडे सुरू होतात. हे धडे वाटतात तितके सोपे नसतात.

गेल्या दिवाळीत भिलाईला मावशीकडे गेले होते. मावसबहिणीची मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात हुशार, स्वभावानं शांत. तिच्या शिकवणीत सरावाची मुलाखत झाली होती. त्यानंतर तिच्या हातात जो कागद पडला, त्यावर एकच ओळ होती : समोरच्याच्या नजरेला नजर देत नाही, आत्मविश्वास कमी. सोबत झेरॉक्स केलेली चार पानं. त्यात इंग्रजीतले हावभावांचे शब्द आणि पुढे त्यांचे अर्थ.

पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्यात आत्मविश्वास नाहीच मुळी," हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. मावशीला त्याहून जास्त लागलं. "मोठ्यांपुढे नजर वर करून बोलू नये, हे मीच शिकवलं तिला. म्हणजे मी वाढवलं तेच चुकलं का गं?" तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. म्हणून ती चार पानं घेऊन आम्ही तिघी दुपारभर बसलो.

खरं तर परक्याच्या हावभावांशी भिलाईची ओळख जुनीच. इथल्या पोलाद कारखान्यासाठी 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि रेल्वेमार्गही नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असा सरळ. त्यामुळे विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली. मावशीचे सासरे त्यातलेच, गोंदियाचे. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्या काळात रशियन तज्ज्ञ आणि आपली माणसं खांद्याला खांदा लावून काम करत. मधे दुभाषा असेच, पण तो प्रत्येक जागी कुठून असणार?

सासऱ्यांचा एक किस्सा मावशीच्या घरी अजून सांगतात. रशियन साहेबानं एक काम हातवारे करून समजावलं आणि कळलं का, अशा अर्थानं पाहिलं. सासऱ्यांनी आपल्या पद्धतीप्रमाणे मान डावी-उजवीकडे हलकेच डोलावली. साहेबाला वाटलं, नाही म्हणतोय. त्यानं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. यांनी पुन्हा मान डोलावली. तिसऱ्या खेपेला दुभाषा धावत आला आणि म्हणाला, "साहेब, तो मघापासून हो म्हणतोय!"

यात चूक कुणाचीच नव्हती. मान एकच, पण तिचं व्याकरण दोन मुलखांत दोन तऱ्हेचं. चार्ल्स डार्विनलाही हा प्रश्न पडला होता. हावभावांवरचं पुस्तक त्यानं 1872 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्यानं जगभरच्या ओळखीपाळखीच्या लोकांना प्रश्नावली पाठवली होती. तुमच्याकडे हो म्हणताना मान वर-खाली आणि नाही म्हणताना आडवी हलवतात का, हा त्यातला एक प्रश्न होता. उत्तरं सगळीकडून सारखी आली नाहीत.

आमच्या हातातल्या यादीतही पहिलाच शब्द मानेचा होता. इंग्रजीत वर-खाली हलते तो 'नॉड', आडवी हलते तो 'शेक'. मराठीत मात्र नुसतं 'मान हलवली' म्हटलं तर ऐकणारा विचारतो, "कशी? हो म्हणून की नाही म्हणून?" मग होकारार्थी, नकारार्थी अशी शेपटं जोडावी लागतात. पण 'मान डोलावली' म्हटलं की संमती आली आणि गाण्याला दिलेली दादही आली. त्या डोलण्याला इंग्रजी यादीत जागाच नव्हती.

पुढे हसण्याचे शब्द. 'स्माइल' म्हणजे स्मित. 'ग्रिन' म्हणजे दात दिसतील असं मोकळं हसू. 'स्मर्क' म्हणजे मीच शहाणा असं दाखवणारं छद्मी हसू. 'स्नीअर' म्हणजे ओठ मुरडून दुसऱ्याला हिणवणं. मग नजरेचे शब्द. 'ग्लान्स' म्हणजे ओझरती नजर, 'स्टेअर' म्हणजे टक लावून पाहणं, 'ग्लेअर' म्हणजे डोळे वटारणं. कपाळाला आठ्या घालणं म्हणजे 'फ्राउन' आणि त्याच आठ्यांत राग भरला की 'स्काउल'. भाची भराभर लिहून घेत होती. तिला मजा वाटायला लागली, कारण यातला प्रत्येक चेहरा तिनं घरात पाहिलेला होता!

खरी गंमत पुढे झाली. काही हावभाव दोन्ही भाषांत शब्दशः सारखे, पण अर्थ मात्र दोन टोकांना. आपण जीभ चावतो ती भलतंच बोलून गेल्यावर. इंग्रज जीभ चावतो तो बोलायचं टाळण्यासाठी, म्हणजे बोलण्याच्या आधी. आपला माणूस हात चोळत बसला, की त्याची संधी गेली समजावं. इंग्रजीत हात चोळणारा बहुधा खुशीत असतो, पुढे काहीतरी लाभ दिसत असतो. आपण अंगठा दाखवला तर तो ठेंगा, म्हणजे काही मिळणार नाही. त्यांचा अंगठा म्हणजे शाबासकी. मोबाईलवर भाची दिवसातून दहा वेळा तो अंगठा पाठवते आणि आजी प्रत्येक वेळी विचारते, "का गं, कुणाला ठेंगा दाखवलास?"

काही हावभाव तर यादीत सापडेचनात. पंजा पसरून मनगटाला हलका झोका देत आपण विचारतो, "काय झालं?" त्याला इंग्रजीत एका शब्दाचं नाव नाही. आजी नातवंडाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, ती दृष्ट काढायला. तीच बोटं शेजारणीच्या नावानं मोडली, की झाला तळतळाट! इंग्रजीत बोटं मोडणं म्हणजे नुसता सांध्यांचा आवाज.

हे ऐकत बसलेले काका हसले. काका कारखान्यातल्या रेल मिलमधून निवृत्त झाले. ते म्हणाले, "आमचं बरं होतं. मिलच्या आवाजात ओरडून काही उपयोग नाही. क्रेनच्या केबिनमधल्या माणसाला खालचा खलासी हातानं खुणा करणार. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हलवला की उतरव. एका खुणेचा एकच अर्थ. तिथे दोन अर्थ झाले तर माणूस जाईल."

काकांचं म्हणणं अगदी बरोबर. यंत्रापाशी एका खुणेचा एकच अर्थ असावा लागतो. चूक होते ती आपण माणसाचा चेहराही तसाच वाचायला जातो तेव्हा. भाचीच्या पानांत नेमकं हेच झालं होतं. नजर टाळणे, आणि पुढे अर्थ : भीती, खोटेपणा, आत्मविश्वासाचा अभाव. बस्स. जणू क्रेनखालची खूण!

मावशीला इंग्रजी बेताचंच येतं. पण ही ओळ मी वाचून दाखवली आणि ती पटकन म्हणाली, "नजर झुकवणं वेगळं आणि नजर चोरणं वेगळं. माझी नात नजर चोरत नाही."

मला वाटतं, त्या दुपारी सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. मराठीनं या दोन गोष्टींना दोन नावं दिली आहेत. ज्याच्या मनात खोट आहे तो नजर चोरतो. ज्याच्या मनात आदर किंवा संकोच आहे त्याची नजर झुकते. शिवाय नजर चुकवणं आहे, नजर वळवणं आहे, डोळ्याला डोळा भिडवणं आहे. डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे आपल्याकडे धिटाई, प्रसंगी आव्हान. ते घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे करायचं नसतं, म्हणून मुलींना नजर खाली ठेवायला शिकवलं गेलं.

आपल्या जुन्या जाणत्यांनाही हे ठाऊक होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात मस्तकाच्या 13 हालचाली आणि 36 प्रकारच्या दृष्टी सांगितल्या आहेत. त्यात खाली गेलेल्या मस्तकाला 'अधोगत' असं नाव आहे. ते लाजेत वापरावं, नमस्कारात वापरावं आणि दुःखातही वापरावं असं सांगितलंय. एकच हालचाल, तीन अर्थ. कोणता घ्यायचा ते प्रसंग पाहून ठरवायचं. आणि आजचे मानसशास्त्रज्ञही पडताळून सांगतात, की नजर टाळणं हे खोटेपणाचं भरवशाचं लक्षण नाही.

पण म्हणून मुलीनं मुलाखतीतही मान खाली घालूनच बसावं का? तर मुळीच नाही. मावशीचं संस्कारांबद्दलचं म्हणणं खरं असलं, तरी त्यात एक दुसरी बाजू आहेच. झुकलेली नजर आपण मुलांपेक्षा मुलींकडूनच जास्त मागितली. मुलगा नजर रोखून बोलला तर तडफदार, मुलगी बोलली तर आगाऊ. हा भेद शिकवणीतल्या कागदानं आणला नाही, तो आपल्याच घरातला आहे.

भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंची गोष्ट इथे आठवते. पंडवानी म्हणजे छत्तीसगडी बोलीतून सांगितलेलं महाभारत. बाईनं गायचं तर बसून, आणि उभं राहून, अभिनय करत गायचं ते पुरुषांनी, अशी तेव्हाची रीत. तीजनबाईंनी वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास पहिला कार्यक्रम केला आणि त्या उभं राहून गायल्या. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे याच भिलाईच्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली, जगभर कार्यक्रम झाले आणि 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला. मावशीनं त्यांना पाहिलंय. ती सांगते, "हातातला तंबोरा गदेसारखा पेलून भीमाच्या आवेशात डोळे वटारायच्या, तेव्हा पुढे बसलेली पोरं मागे सरकायची. आणि द्रौपदीचं दुःख सांगताना तेच डोळे असे खाली जायचे, की आमच्या डोळ्यांना पदर लागायचा."

बोलता बोलता मावशीच थांबली. मग नातीकडे वळून म्हणाली, "अगं, तिला दोन्ही यायचं. तूही दोन्ही शिक."

दुसऱ्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. काका चष्मा लावून साहेब झाले. पहिल्या दिवशी भाचीला आजोबांच्या डोळ्यांत बघवेना, सारखं हसू येई. मग मी तिला एक सोपी युक्ती सांगितली : डोळ्यांत बघणं जड जात असेल, तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघावं. त्याला फरक कळत नाही. उत्तर देताना त्याच्याकडे बघावं, आठवायला वेळ हवा असेल तर नजर क्षणभर बाजूला गेली तरी बिघडत नाही. टक मात्र लावू नये. ते इंग्रजीतही उद्धटपणाचंच. मुलाखत घेणारे दोघेतिघे असतील, तर ज्यानं प्रश्न विचारला त्याच्यापासून सुरुवात करून सगळ्यांकडे एकेकदा पाहावं. आठवडाभरात ती बरीच सावरली. मी निघाले तेव्हा वाकून नमस्कार केला तो नजर खाली ठेवून, आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मावशी, निकाल काहीही लागो, तो कागद मी फाडून टाकलाय."

आपल्या मुलांनी इंग्रजी हावभावांची नावं जरूर शिकावीत. बाहेरच्या जगात ती उपयोगी पडतात, आणि शब्द कळला की माणसाच्या चेहऱ्यावरचं बारीकसारीकही दिसायला लागतं. पण घरातले शब्दही त्यांच्या कानावर पडू द्यावेत. नाक मुरडणं, गाल फुगवणं, तोंडात बोट घालणं, आवंढा गिळणं, डोळ्यांना पदर लावणं हे आपल्या माणसांना ओळखण्याचे शब्द आहेत. ते विसरले तर उद्या आजीचा चेहरा नातीला वाचता येणार नाही.

आणि एखादं मूल आपल्यापुढे नजर खाली करून उभं असेल, तर लगेच त्याच्या नावापुढे शेरा मारू नये. आधी त्याला जवळ बसवून विचारावं, ही नजर झुकली आहे की चोरली आहे? बहुतेक वेळा उत्तर ऐकून आपलीच नजर निवते.