मधात राहून उपाशी

देवाच्या वेदीवर मधाला स्थान नाही. लेवीयच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात होमार्पणासाठी खमीर आणि मध दोन्ही वर्ज्य सांगितली आहेत; आणि १९८३ च्या धर्मसंहितेचा ९२४ वा नियम मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक व न बिघडलेला हवा, असे बजावतो. अशा ह्या दोन वर्ज्य वस्तू एकाच बरणीत घालून तिची राखण करण्याची पाळी एका धर्मगुरूवर यावी, हा योग मौजेचाच म्हणावयाचा.

२०१२ सालच्या शरद ऋतूत आम्ही इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात एका लहानशा धर्मग्रामात सेवेस होतो. तेथे एक विधुर आजोबा मधमाश्या पाळीत. बकफास्टचा मठ त्याच परगण्यातला. १९१० साली अकरा वर्षांचे जर्मन बालक म्हणून त्या मठात आलेले आणि १९९६ साली निवर्तलेले ब्रदर ॲडम यांनी मधमाश्यांच्या पैदाशीत जगभर नाव मिळवले, शिवाय मधापासून करावयाच्या मद्याविषयीही लिहून ठेवले. आमच्या आजोबांचे ते दैवत. परंतु हात कापू लागल्याने आताशा त्यांना बरण्या उचलवेनात. एका रविवारी मिस्सानंतर ते म्हणाले, "फादर, या वर्षी एवढी मदत कराल का?"

त्या देशात स्वतःच्या घरापुरते असे मद्य करण्यास परवाना लागत नाही. (आपल्या महाराष्ट्रात लागतो, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे!) तरी आमचे मन कचरले. आमचे थोरले बंधू दारूपायी १९९९ साली गेले. त्यांच्या कबरीवर माती लोटताना, मिस्साच्या चषकाखेरीज मद्याला ओठ लावणार नाही, असे आम्ही मनोमन वचन दिले होते. पण बरणी उचलणे म्हणजे पिणे नव्हे! सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्याला अशी सोयीस्कर पळवाट तत्काळ सुचते.

कुंपणाच्या काटेरी झुडपांतून आम्ही दीड किलो ब्लॅकबेऱ्या खुडल्या. आपल्या करवंदांची ही जणू दूरची बहीण. तोच रंग, तेच ओरखडे. त्या कुस्करून तेवढाच मध घातला आणि पाण्याने बरणी पाच लिटरच्या खुणेपर्यंत भरली. नुसत्या मधात पाणी इतके थोडे असते की तेथे यीस्टचे काही चालत नाही. पाणी मिळाले की मग ते कामाला लागते. आजोबांनी यीस्ट सोडले, दुसऱ्या दिवशी बुडबुडे उठू लागले, आणि पाचव्या दिवशी थांबले. झाकण काढले तो कुजक्या अंड्यांची दुर्गंधी!

"उपाशी आहे बिचारे," आजोबा म्हणाले.

"इतक्या मधात?"

त्यांनी आम्हांला समजावले. मधात शेकडा ऐंशीच्या आसपास साखर असते, पण नत्र जवळजवळ नसते. साखरेतून यीस्टला बळ मिळते, पण अंग धरायला, वाढायला नत्र लागते. ते फळांतून थोडेफार येते, पण पुरत नाही. मग यीस्ट गंधकाचा तो दुर्गंध सोडते आणि काम टाकून बसते.

आमची आई नाताळच्या वाइनमध्ये मूठभर मनुका टाकीत असे. तोच उपाय आम्ही मोठ्या अभिमानाने सुचवला. आजोबा हसले. मनुकांनी चव येते, म्हणाले, परंतु मूठभर मनुकांतून मिळणारे नत्र अगदी नगण्य. त्यांनी पावाचे यीस्ट चमचाभर घेतले, ते मरावे म्हणून पाण्यात दहा मिनिटे उकळले आणि निववले. मेलेल्या यीस्टमधला पोषक अंश जिवंतांच्या मुखी जातो. सोबतीला आपल्याच पोळ्यांतले अर्धा चमचा परागकण. त्यांत प्रथिने असतात. हे सारे एकदम नव्हे, तर पहिल्या काही दिवसांतच, थोडे थोडे, ढवळून द्यावयाचे. मद्य चढल्यावर यीस्टला ते नीट घेता येत नाही, आणि उरलेले अन्न नको त्या जंतूंचे फावते. "थोडे थोडे" हे शब्द आमच्या उत्साहाला मानवले नाहीत. आम्ही अख्खी वाटी ओतली! जांभळा फेस बरणीतून उसळून आजोबांच्या स्वयंपाकघरात वाहिला. आमचा झगा दोनदा धुवावा लागला.

मात्र त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दादांना आमच्या घरी काय कमी होते? केळीची बाग होती, खिशात पैसे होते. आईच्या तोंडी गोड शब्द होते, आणि सुट्टीवर आलेल्या आमच्या तोंडी प्रवचने होती. एका संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून ते म्हणाले होते, "थोडा वेळ बस ना रे माझ्याजवळ." आम्हांला नोव्हेनाची घाई होती. "उद्या बसू," असे सांगून आम्ही सायकलवर टांग मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावले नाही, आणि आम्हीही गेलो नाही.

त्यानंतर आठवडाभर आम्ही रोज आजोबांकडे जात राहिलो. ढवळायला पाचच मिनिटे पुरत; तरी तासभर बसत होतो. ते पत्नीविषयी बोलत, आम्ही ऐकत असू. दुर्गंधी ओसरली, बुडबुडे पुन्हा सुरू झाले, आणि नाताळपूर्वी गाळ खाली बसला. एका सायंकाळी, त्यांनी न विचारताच, आम्ही दादांची हकिकत सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. चुलीत लाकूड सारले एवढेच.

२०१३ च्या सप्टेंबरात बाटली उघडली. मद्य माणकासारखे लाल उतरले होते. आजोबांनी एकच पेला भरला आणि आमच्या नाकाशी धरला. "वास तरी घ्या, फादर. वचन मोडत नाही." ब्लॅकबेरीचा वास होता, आणि तळाशी किंचित मेणाचा; पास्काच्या मेणबत्तीजवळ उभे राहिल्यावर येतो तसा. मग ते सावकाश प्याले, पेला धुतला आणि फडक्यावर पालथा ठेवला.