आधी पाणी, मग तेल

इंदापूरच्या आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली. बार उडवून आल्यावर ती तशीच खुंटीला लावलेली त्यांना खपत नसे. चुलीवर पाणी तापायचं, नळीत ओतलं जायचं, गजाला चिंधी गुंडाळून ते आतून घासत बसायचे. गंधकाच्या वासाचं काळं पाणी अंगणात सांडायचं. ते नितळ येऊ लागलं, नळी वाळली, की मग तेलाचा हात.

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात एनसीसीत गेलो आणि थ्री नॉट थ्री हाती आली. रायफल इशापूरची, काडतुसं खडकीची. खडकीचा तो दारूगोळा कारखाना 1869 चा. काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ असा ठसा असे. फायरिंग संपलं की उस्ताद जेवणाआधी पाणी उकळायला लावत. बोल्ट काढायचा, मागच्या तोंडाला नरसाळं लावायचं आणि नळी हाताला चटका देईपर्यंत उकळतं पाणी ओतायचं. तापलेली नळी आपोआप वाळते. मग फुलत्रूच्या, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीच्या, फासात चार बाय दोन इंचांची चिंदी अडकवून दोरी एका दमात ओढायची, मध्ये थांबायचं नाही. चिंदी पांढरी निघाली तरच दस्त्याच्या पोटातली तेलाची पितळी बाटली बाहेर येई. तो क्रम मला फार आवडायचा.

ठासणीच्या बंदुकीत मळ दारूचा असतो. थ्री नॉट थ्रीच्या त्या काडतुसांत मात्र खोड बुडातल्या टोपीची. टोपीतलं पोटॅशियम क्लोरेट पेटतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाच्याच जातीचा क्षार. तो नळीच्या खाचांत बसतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि लोखंड खातो. तेलात तो विरघळत नाही. नुसतं तेल दिलं तर नळी चकचकीत दिसते आणि तेलाखाली गंज चढत राहतो. 1922 साली अमेरिकेच्या खाण विभागातल्या विल्बर्ट हफ यांनी हे प्रयोगांनी सिद्ध केलं. तोवर बरेच जाणकार जळक्या दारूतल्या आम्लालाच दोष देत होते.

हाच क्षार पुढे शेतात भेटला. उसाला टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. पावसाळ्यात गोणीचं तोंड उघडं राहिलं की त्याचे खडे होतात. पिकाला तो हवाच, पण अवजाराला नको. म्हणून खत पेरल्यावर पाभरीचे फण मी त्याच संध्याकाळी धुतो. कितीही थकलो असलो तरी उद्यावर टाकत नाही.

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला ऊस दिला आणि सखल रानांत खारही वर आणला. पाणी मुरत गेलं, खालचे क्षार वर चढले, जमिनी पांढऱ्या पडल्या. आमचा खालचा तुकडाही त्यातलाच. शेजारी म्हणायचे, भरपूर पाणी दे, धुऊन निघेल. मला ते पटलं नाही. नळीत ओतलेलं उकळतं पाणी दुसऱ्या तोंडातून वाहून जातं, म्हणून क्षार जातो. ते आतच तुंबलं तर रायफल वाया जाईल. मग तुकड्याच्या कडेने खोल चर खणले, उताराला ओढ्याकडे काढून दिले आणि त्यानंतरच पाणी सोडलं. चरातलं पाणी जिभेला खारट लागतं. यंदा वरच्या अर्ध्यात ताग चांगला उगवला आहे. खालच्या अर्ध्यात अजून ठिगळं आहेत, तिथले चर उन्हाळ्यात आणखी खोल करायचे आहेत.