पितळी दांडगा

हातात घेतलं की आधी त्याचं वजन जाणवतं. साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास लांबी, तीस-बत्तीस ग्रॅम भार, अंग पिवळ्याधमक पितळेचं. गोळी तांब्याच्या कवचातली, टोकदार. मान मात्र आखूड, इतकी की गोळीच्या जाडीएवढीही लांबी तिला मिळालेली नाही. आणि बुडाशी, कडेच्या जरा वर, पितळेचाच एक उठावदार पट्टा. हा पट्टा म्हणजे त्याची ओळख. अमेरिकेच्या पश्चिमेला, वायोमिंग, मोन्टाना, कोलोरॅडोच्या डोंगरांत, निदान दोन पिढ्यांच्या शिकाऱ्यांनी रिकामी पुंगळी हाताला लागताच न बघता सांगावं, हा मॅग्नम.

त्याचं पूर्ण नाव थ्री हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नम. जन्म 1963 चा. घराणं मात्र जुनं आणि इंग्रजी. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने 1912 साली थ्री सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम हे काडतूस काढलं, आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीसाठी. उन्हात तापलेल्या नळीतून रिकामी पुंगळी अडकून न राहता चटकन निघावी म्हणून त्याच्या अंगाला चांगला उतार दिला होता. उतारामुळे काडतुसाचा खांदा नावापुरता उरला. मग हे काडतूस चेंबरमध्ये नेमकं किती आत जाऊन थांबणार? त्यासाठी बुडाशी पट्टा आला. तिथे तो कामाचा होता. नातवाच्या काळापर्यंत अंगाचा उतार जवळजवळ गेला, खांदा चांगला धारदार झाला, पट्ट्याची गरज संपली. तरी पट्टा राहिला. ग्राहकाच्या मनात पट्टा आणि ताकद यांची गाठ पक्की बसली होती, आणि ती सोडवायची कुणाला इच्छाही नव्हती.

ही गाठ बांधणाऱ्यांत रॉय वेदरबी हा माणूस आघाडीवर. कॅन्ससमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात विमा विकणारा. वेग म्हणजेच मारक शक्ती, यावर त्याची श्रद्धा होती. 1945 साली त्याने स्वतःचा रायफलींचा व्यवसाय सुरू केला आणि चकचकीत लाकडी दस्त्यांच्या वेगवान रायफली हॉलिवूडच्या नटांच्या हाती दिल्या. मग मोठ्या कारखान्यांनाही थांबवेना. 1956 पासून विन्चेस्टरने पट्टेवाल्या मॅग्नमांची मालिका काढली, 1962 साली रेमिंग्टनने सेव्हन मिलिमीटर मॅग्नम आणला, आणि पुढच्या वर्षी आपला हा दांडगा आला.

त्याच्याआधी अमेरिकन शिकाऱ्याचं घरचं काडतूस होतं थर्टी-ऑट-सिक्स, लष्कराने 1906 साली स्वीकारलेलं. ते साडेअकरा ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या वेगाने फेकतं. दांडगा तीच गोळी नऊशेने फेकतो. तेवढ्यासाठी तो दारूही बरीच जास्त जाळतो, साडेचार ग्रॅमच्या घरात. ताकद साधारण पाचव्या हिश्शाने वाढते, खांद्यावरचा धक्का त्याहून जास्त पटीने. हा व्यवहार लोकांनी आनंदाने केला.

त्यात नुसती हौस होती, असं मी म्हणणार नाही. एल्क हे सांबराच्या जातकुळीतलं, पण अधिक भारदस्त हरीण. नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. तो दिसतो दरीपलीकडच्या उतारावर, संध्याकाळच्या शेवटच्या उजेडात. अंतर किती? अडीचशे यार्ड की साडेतीनशे? 1970 साली हे डोळ्यांनीच ठरवायचं होतं, आणि डोंगरात डोळा हमखास फसतो. गोळी निघाल्या क्षणापासून खाली पडू लागते. अंतर चुकलं की ती छातीखालून निघून जाते किंवा, त्याहून वाईट, पोटात बसते. पोटात गोळी लागलेलं जनावर कित्येक तास चालत राहतं. मॅग्नमची गोळी वेगवान, म्हणून तिचा मार्ग सपाट. अंदाजातली पन्नास यार्डांची चूक ती थोडीफार पोटात घालायची. दांडग्याचं खरं मोल इथे होतं, आणि जाहिरातींनी मात्र त्याच्या गर्जनेचंच कौतुक केलं.

पण किती सपाट? दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या दोन रायफली घ्या, एक जुन्या काडतुसाची, एक याची. चारशे यार्डांवर दोन्हींच्या गोळ्या नेमाच्या बऱ्याच खाली बसतात, आणि त्यांच्यातलं अंतर भरतं चार-पाच बोटांचं. या चार-पाच बोटांसाठी माणसं वर्षानुवर्षं खांदे सुजवून घेत होती.

खांद्यांविषयी बोललंच पाहिजे, कारण या पितळी गृहस्थाचा स्वभाव तिथेच कळतो. तो समोरच्याला मारतो तसा मागच्यालाही मारतो. पहिल्या बाराला माणूस चकित होतो. तिसऱ्या-चौथ्या बारापासून शरीर शिकतं, आणि चुकीचं शिकतं. चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो, मान आखडते, माणूस अंग चोरतो, हाताला हिसका बसतो. सराव वाढवून हे जात नाही, उलट प्रत्येक बाराने घट्ट होतं. दुर्बिणीजवळ डोळा जरा पुढे गेला तर तिची कड भुवईवर आपटून रक्ताळलेली चंद्रकोर उमटते. शिकारीच्या तळांवर अशा भुवया नव्या नाहीत. आणि हे कुणी कबूल करत नसे. बापाने मुलाला पहिली रायफल म्हणून मॅग्नम द्यावी, मुलाने डोळ्यांत आलेलं पाणी पुसून "काही नाही" म्हणावं, आणि पुढची वीस वर्षं हरणं जखमी करत हिंडावं. अशा मर्दुमकीची किंमत जनावराने भरली. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

ताकदीने काम होत नाही याचा पुरावा या घराण्याच्या इतिहासातच आहे. 1946 साली जॉन नोस्लर हा ओरेगॉनचा माणूस ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीला गेला होता. हातात मॅग्नमच, दांडग्याचा थोरला भाऊ म्हणावा असा थ्री हंड्रेड हॉलंड. चिखलाने माखलेल्या मूसवर त्याने गोळ्या झाडल्या आणि त्या आत शिरण्याआधीच वरच्यावर फुटत गेल्या. वेग इतका की त्या काळच्या गोळीला तो झेपेना. नोस्लरने घरी येऊन गोळीच बदलली: मध्ये तांब्याची आडवी भिंत, पुढचा भाग फुलणारा, मागचा अभंग राहून खोल जाणारा. 1948 पासून ती विकायला आली. पुढे अख्ख्या तांब्याच्या गोळ्या आल्या, शिसं तांब्याला चिकटवलेल्या आल्या. गोळी सुधारत गेली तसतशी छोट्या काडतुसांचीही कुवत वाढली. मॅग्नमच्या दोषावर शोधलेल्या औषधाने पुढे मॅग्नमचीच गरज कमी केली.

दुसरा घाव 1990 च्या दशकात बसला, आणि तो कुठल्या काडतुसाने घातलेला नव्हता. हातात मावणारं लेझर अंतरमापक यंत्र बाजारात आलं. बटण दाबलं की आकडा समोर: 347 यार्ड. दुर्बिणीची चकती तेवढी फिरवा, नेम थेट छातीवर धरा. गोळी किती खाली पडते हा प्रश्न आता हिशोबाचा झाला, आणि हिशोब करायला धक्का लागत नाही. दांडग्याची खरी नोकरी त्या छोट्या डबीने घेतली. काडतुसांच्या चर्चेत हे कारण मागे पडतं, पण माझ्या मते सगळ्यांत मोठं तेच.

मग 2007 साली नेब्रास्काच्या हॉर्नडी कंपनीने सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर हे काडतूस आणलं. नाव न्यूयॉर्कजवळच्या जुन्या नेमबाजी मैदानाचं, आणि हेतूही नेमबाजीच्या स्पर्धांचा. अंगाने लहान, पट्टा नाही, दारू दांडग्याच्या दोन तृतीयांशाहून कमी. पण गोळी लांब आणि सडपातळ, हवेला कमी अडणारी. वाऱ्यात ती दांडग्याच्या जुन्या घडणीच्या गोळीपेक्षा जास्त सरकत नाही. सारख्या वजनाच्या रायफलीत खांद्याला बसणारा धक्का निम्म्याहूनही कमी. बायका, किशोरवयीन मुलं, साठी ओलांडलेले शिकारी, सगळ्यांना ते पेललं. आणि ज्या धट्ट्याकट्ट्या पुरुषांना मॅग्नमही पेलतो असं वाटत होतं, त्यांच्याही गोळ्या कागदावर एकमेकींच्या जवळ पडू लागल्या. कागद खोटं बोलत नाही.

खरं तर यात नवीन काही नव्हतं. स्वीडनमध्ये याच जाडीची गोळी एका शतकाहून अधिक काळ मूसवर चालते आहे, 1894 च्या काडतुसातून. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक सात मिलिमीटरच्या साध्या काडतुसाने. त्या संख्येचं कौतुक करण्यासारखं काही नाही, तिने वाईटच वाटतं. पण त्याने हत्तीची कवटी कापून मेंदू कुठे असतो याचा अभ्यास केला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. आपल्याला जवळचं नाव जिम कॉर्बेटचं. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला भेट मिळालेली रिग्बी रायफल त्याच सात मिलिमीटरच्या काडतुसाची होती. मॅग्नम त्याला माहीत नव्हता असं नाही. तो वाघाच्या जवळ जाऊ शकत होता.

दांडग्याच्या घराण्याने हार मानण्याआधी एक शेवटची चढाई केली. 1999 साली रेमिंग्टनने अल्ट्रा मॅग्नम आणला, सहा ग्रॅम दारू जाळणारा. 2001 पासून विन्चेस्टरने आखूड, जाड अंगाचे मॅग्नम काढले, रेमिंग्टननेही काढले. त्यांतले एक-दोन टिकले, बाकीच्यांची काडतुसं शोधत दुकानं पालथी घालायची वेळ मालकांवर आली. महागडी काडतुसं, लवकर झिजणारी नळी, धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी बसवलेला आणि शेजाऱ्याचे कान बधिर करणारा ब्रेक, असा सारा संसार. आता आवाज दाबणारा सप्रेसर लावून आखूड नळीची रायफल वापरण्याकडे लोकांचा ओढा आहे, आणि लांब नळीवाचून दांडग्याची बरीचशी दारू वाया जाते.

तो मेलेला नाही. विन्चेस्टरचा हा थ्री हंड्रेड आजही दुकानात मिळतो, अमेरिकन लष्कराच्या दूरपल्ल्याच्या नेमबाजांनीही तो वापरला आहे. 1912 चा आजोबा तर आपल्या जागी ठाम आहे: आफ्रिकेतल्या अनेक देशांत रानरेडा किंवा हत्ती यांच्यासाठी कायद्याने किमान तेच माप लागतं, आणि अलास्कात तपकिरी अस्वल वीस पावलांवर उभं ठाकलं तर क्रीडमोर हाती असावी असं मलाही वाटणार नाही. 2022 साली आलेला सेव्हन मिलिमीटर पीआरसी ताकदीने मॅग्नमच आहे, फक्त पट्टा नाही आणि गोळी नव्या घडणीची. ओहोटी लागली ती हरणासाठी तोफ बाळगण्याच्या सवयीला.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारच थांबवली, ते योग्यच झालं. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी कुणी तिथल्या मित्रांबरोबर परवाना काढून हंगामात डोंगरात जाणार असेल, तर त्याला माझी कळकळीची विनंती आहे. दुकानदार मोठं काडतूस पुढे सरकवील, सोबतचे मित्रही त्याचीच शिफारस करतील. तुम्ही आपल्या खांद्याला सोसेल तेच घ्या, उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन उन्हाळाभर कागदावर सराव करा, आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या एका वितीच्या वर्तुळात बसत नाहीत त्या अंतरावरच्या जनावरावर चाप ओढू नका.