नायकाच्या मागची इमारत कोणी जाळली?

सत्तर-ऐंशीच्या दशकातले न्यूयॉर्कचे सूडपट आम्ही अलीकडे पुन्हा पाहिले. 'डेथ विश' (1974), 'द एक्स्टर्मिनेटर' (1980), 'मिस .45' (1981). कॉलेजात असताना ते मित्राच्या खोलीवर, घासलेल्या सीडीवर पाहायचो. नायकाने गुंडाला गोळी घातली की शिट्ट्या वाजायच्या. ज्यांची फिर्याद ठाण्यात नोंदवूनच घेतली जात नाही, त्यांना कायदा बाजूला सारणारा माणूस आपला वाटतो, यात नवल काय? आता मात्र आमची नजर नायकावरून सरकते आणि त्याच्या मागच्या पडक्या इमारतींवर थांबते.

ते शहर आता राहिलेले नाही. 42 व्या रस्त्यावरची ज्या स्वस्त थिएटरांत असे सिनेमे लागत, तिथलेच एक, न्यू ॲमस्टरडॅम, 1997 साली डिस्नेने चकचकीत करून उघडले. जुन्या चाहत्यांना त्या घाणीची हुरहूर वाटते. आम्हाला नाही वाटत. त्या घाणीत माणसे राहत होती.

आणि ती अवकळा आपोआप आलेली नव्हती. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या गेल्या, म्हणजे तिथे घरासाठी कर्ज देणे धोक्याचे. पुढे ब्रॉन्क्सच्या मधोमध महामार्ग घातला गेला आणि हजारोंची घरे गेली. 1975 साली शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी आले. सत्तरच्या दशकात खर्चकपातीच्या नावाखाली अग्निशमन केंद्रे बंद झाली, तीही गरिबांच्या भागातली. विम्याच्या पैशासाठी काही घरमालकांनी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. गृहनिर्माण खात्याचे प्रमुख रॉजर स्टार यांनी तर 1976 साली गरीब वस्त्यांतल्या सेवा आक्रसून घ्याव्यात, असे उघड मांडले. आधी वस्तीचे पाणी तोडायचे आणि मग वस्तीच घाणेरडी म्हणायची, हा खेळ आपल्याला नवा आहे का?

गंमत बघा, 'डेथ विश'चा नायक पॉल कर्सी वास्तुविशारद आहे. इमारती उभ्या करणे हा त्याचा धंदा! पण इमारती का पडतात, हा प्रश्न त्याला एकदाही पडत नाही. त्याला फक्त अंधारातून येणारी पोरे दिसतात. शेवटी पोलीस त्याला ओळखतात आणि शहर सोडून जा म्हणत मोकळे सोडतात. मूळ कादंबरीचे लेखक ब्रायन गारफिल्ड यांना सिनेमाने केलेले हे उदात्तीकरण पटले नव्हते. त्यांनी उत्तरादाखल दुसरी कादंबरी लिहिली. 1985 च्या तिसऱ्या भागापर्यंत तर न्यूयॉर्कची भकास वस्ती बऱ्याच अंशी लंडनमध्ये चित्रित झाली. वस्ती म्हणजे नुसता सेट.

पडद्याबाहेरही गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर 1984 मध्ये बर्नहार्ड गोएट्झ या गोऱ्या माणसाने भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय पोरांवर गोळ्या झाडल्या. एक कायमचा अधू झाला. वर्तमानपत्रांनी गोएट्झची तुलना 'डेथ विश'शी केली. ज्यूरीने खुनाच्या प्रयत्नातून त्याला सोडले, शिक्षा झाली ती विनापरवाना पिस्तुलाची. बिनखटल्याचा न्याय कोणाच्या बाजूने झुकतो, ते इथे दिसते.

'मिस .45' मात्र आम्ही वेगळा काढतो. तिची नायिका ठाना मुकी आहे, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते, एकाच दिवशी दोनदा अत्याचार सोसते. मालकही तिच्यावर डोळा ठेवून. तिचा सूड हळूहळू आंधळा होतो आणि सिनेमा ते लपवत नाही.

या सगळ्या सिनेमांत जे कधीच दिसत नाहीत, ते म्हणजे संघटित लोक. ज्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतले, त्यांच्याच प्रेरणेने तिथे पोर्तो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' उभी राहिली होती. महापालिका कचरा उचलत नाही म्हणून 1969 मध्ये त्यांनी ईस्ट हार्लेममधला कचरा रस्त्याच्या मधोमध ओतून वाहतूक अडवली. 1970 मध्ये दक्षिण ब्रॉन्क्सचे मोडकळीला आलेले लिंकन हॉस्पिटल ताब्यात घेतले. 1981 ला 'फोर्ट अपाची, द ब्रॉन्क्स' आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी निदर्शने केली आणि सिनेमाच्या सुरुवातीला खुलासा टाकायला लावला. केली स्ट्रीटवरच्या लोकांनी तर 1977 मध्ये पाडायला काढलेल्या इमारती पाडू दिल्या नाहीत. स्वतः आत शिरून दुरुस्त केल्या, आणि तिथेच राहिले.