भिंत घातली, दार राहिलं

दहावीच्या पुस्तकात परिकल विभाजन दोन वाक्यांत संपतं: प्राणीपेशीला खाच पडते, वनस्पतीपेशीत मधोमध पेशीपटल तयार होतं. मला त्यात वाटणीच्या दोन तऱ्हा दिसतात.

प्राणीपेशीला टणक भित्तिका नसते. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं तिला मधोमध आवळत जातं आणि शेवटी दोन पेशी सुट्या होतात. वनस्पतीपेशीची ताठ भित्तिका अशी आवळता येत नाही. तिथे गॉल्जी पिंडाकडून आलेल्या इवल्या पिशव्या मधोमध जमून एकमेकींत मिसळतात. पटल आतून बाहेर वाढत कडेच्या भित्तिकेला भिडतं. पण ते घडतानाच त्यात अतिसूक्ष्म वाटा राहतात. त्यांतून दोन्ही पेशींचं जीवद्रव्य जोडलेलं राहतं, साखर आणि संदेश ये-जा करतात.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा अब्बा आणि चाचांमध्ये विटांची भिंत आली. माणसं वाढली होती, चुली वेगळ्या होणं भागच होतं. दार ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही. दादी शेवटपर्यंत शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन रस्त्याने वळसा घालत राहिली.

आता वारसनोंदीसाठी आम्ही चुलत भावंडं बसणार आहोत. जागा वाढवून मला नको. त्या भिंतीत एक दार तेवढं मागणार आहे.