पहाऱ्याची मजुरी

पांढरकवडा

चि. पोरीस,

राळेगाव तालुक्यात सहायक कृषी अधिकारी म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं दादानं कळवलं. फार आनंद झाला. लगेच वहिनींनी फोन ओढून घेतला, "तिकडे वाघ आहेत म्हणे, तिला चार गोष्टी सांगा." सांगते. पण त्याच गोष्टी उद्या तू गावोगाव सांगणार, म्हणून जरा सविस्तर.

आधी तुझ्यापुरतं. कुठल्या गावाला, कुठल्या रस्त्यानं निघालीस आणि परत केव्हा येणार, हे घरमालकिणीला सांगून जात जा. गाडीत पेट्रोल असू दे, फोन चार्ज असू दे, ११२ नंबर तोंडपाठ असू दे. कोणी मागे लागलंय असं वाटलं तर घराकडे वळू नकोस. चार माणसं असतील अशा दुकानापाशी गाडी लाव आणि मोठ्यानं बोल. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर. कोणी पर्स हिसकलीच तर सोडून दे. आणि अंधारात कोणाच्या वावरातून आडवाटेनं जाऊ नकोस. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. गुन्हा आहे तो, पण रात्री तार दिसत नाही.

आता वाघाचं. टी-१ वाघिणीचं, म्हणजे अवनीचं नाव तू ऐकलं असशील. २०१६ ते २०१८ या काळात आपल्या या पट्ट्यातल्या १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. त्या काळात लोक टोळीनं, काठ्या घेऊन वावरात जात आणि दिवस मावळायच्या आत घर गाठत. ती गेली म्हणून ते नियम जुने झाले नाहीत. टिपेश्वर अभयारण्य इथंच आहे आणि वाघ काही हद्द पाहून फिरत नाही. २०१९मध्ये तिथला एक वाघ चालत चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला होता.

वाघ बहुधा मागून येतो. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस मात्र त्याला जनावरासारखा दिसतो. आणि आपल्याकडची कामं बघ. निंदण, कापसाची वेचणी, मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण, सगळं वाकूनच. सुंदरबनात १९८०च्या दशकात जंगलात जाणारे लोक डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचे, वाघाला वाटावं हा आपल्याकडेच बघतोय. आपल्याला मुखवट्याची गरज नाही. चौघींनी वेचावं, पाचवीनं धुऱ्यावर उभं राहून झुडपांकडे नजर ठेवावी, मधूनमधून डबा वाजवावा. वाघ दिसलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. एकत्र राहून, ओरडत, हळूहळू मागे सरकायचं. त्यानं मारलेल्या गुराजवळ किंवा पिल्लांजवळ तर फिरकायचंच नाही.

यातलं एकही वाक्य इथल्या बायकांना नवीन नाही. तरी वेचणीच्या दिवसांत पाचवी बाई धुऱ्यावर दिसत नाही. का? वेचणीची मजुरी किलोवर असते. जी उभी राहील तिची ओटी रिकामी, संध्याकाळी तराजूवर तिचंच वजन कमी. घरी दोन लेकरं असलेली बाई कशाला उभी राहील?

फवारणीचंही तेच. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात शेकडो जण भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. फवारा थेट तोंडावर यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगात धड सदरा नाही. वारा पाठीशी घ्यावा, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नये, साबणानं हात धुतल्याशिवाय खर्रा तोंडात टाकू नये, हे तेव्हापासून पत्रकांवर छापून येतंय. पण बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपावर ठरते. जितके पंप, तितके पैसे. मग फवारणारा भर उन्हातही थांबत नाही. शिवाय फवारणी थंड वेळी करा म्हणून तू सांगशील, आणि पहाट-संध्याकाळ हीच वाघाची वेळ. तेव्हा सकाळी ऊन वर आल्यावर, जोडीदार सोबत घेऊनच फवारा, असं सांग. जिथे ओलिताला वीज रात्री येते, तिथेही एकट्यानं जाण्याला दुसरा इलाज हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सावध राहा म्हणून सांगणं सोपं आहे. सावध राहणाऱ्याचं नुकसान कोण भरून देणार, ते आधी ठरायला हवं. शेतीशाळेत पत्रक वाटण्याआधी मजुरीचा दर विचार. पहाऱ्यावरच्या बाईला मालकानं रोज द्यावा आणि पहारा आळीपाळीनं फिरावा. फवारणीचे पैसे पंपावर नकोत, रोजानं हवेत. मालक कुरकुर करतील, भाव कुठंय म्हणतील. त्यांचंही खोटं नाही. पण दहा बायकांच्या वेचणीत एकीचा रोज कापसाच्या हिशोबात बसवता येतो. आधी एखादा समजूतदार शेतकरी गाठ; एकानं केलं की दुसऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

दिवाळीला येशील तेव्हा फराळ करता करता मला सांग, किती जणांनी कबूल केलं ते.

तुझी
आत्या