प्रागचा मासा आणि नवेगांवचा बांध

प्रवास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम दूरचे देश उभे राहतात. तेथील राजवाडे, पूल, बर्फानें झांकलेलीं छपरें हीं सर्व प्रेक्षणीय खरींच. परंतु प्रेक्षणीय कशास म्हणावें, याचा विचार आपण क्वचितच करतों. जें पाहिल्यानें स्वतःच्या गांवाकडे नव्या दृष्टीनें पाहतां येतें तें प्रेक्षणीय, असें मला आतां वाटूं लागलें आहे. या विचारास कारण झालें एक पत्र.

माझे एक आतेभाऊ नोकरीनिमित्त युरोपांत असतात. नाताळापूर्वीं ते चेक देशाच्या राजधानींत, प्राग शहरीं, एक दिवस हिंडून आले व तेथील हकीगत त्यांनीं आम्हांस लिहून कळविली. व्लटावा नदीवर दाट धुकें पसरलें होतें आणि चौथ्या चार्ल्स राजानें १३५७ सालीं बांधावयास घेतलेल्या पुलावरील पुतळे त्या धुक्यांतून एकामागून एक प्रकट होत होते. थंडी इतकी कीं हातमोज्यांतहि बोटें बधिर व्हावीं. दुपारीं एका लहानशा खाणावळींत त्यांनीं कोबीचें आंबट सूप व कणकेचे उकडलेले गोळे खाल्ले, तेव्हां कोठें अंगांत ऊब आली.

परंतु त्यांस सर्वांत नवल वाटलें तें रस्त्याच्या कोपऱ्यावर मांडलेल्या पाण्याच्या टपांचें. त्यांत मोठमोठे जिवंत मासे पोहत होते व लोक रांगेनें उभे राहून ते विकत घेत होते. २४ डिसेंबरच्या रात्रीं हा मासा तळून बटाट्याच्या कोशिंबिरीबरोबर खावा, अशी चेक लोकांची रीत आहे. त्याचें एक खवलें पाकिटांत जपून ठेविलें असतां वर्षभर पैशाची ददात पडत नाहीं, अशीहि तेथें समजूत आहे. या देशास समुद्र नाहीं. मग एवढे मासे येतात कोठून? ते येतात माणसांनीं बांधलेल्या तलावांतून. दक्षिण बोहेमियांत असे शेंकडों जुने तलाव आहेत. त्यांतील सर्वांत मोठा रोझम्बर्क तलाव १५८४ ते १५९० या काळांत याकुब क्रचिन नांवाच्या कारभाऱ्यानें बांधविला. शरद ऋतूंत तलावांचें पाणी सोडून देतात, मासे पकडतात, बांध तपासतात व तलाव पुन्हां भरूं देतात. चारशें वर्षें लोटलीं तरी हा क्रम चालू आहे.

पत्र वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, "अरे, हें तर आपल्याच जिल्ह्याचें वर्णन दिसतें!" नाताळच्या सुटींत ते मला घेऊन नवेगांवबांधाजवळच्या एका खेड्यांत मावशीकडे निघाले. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीनें आम्ही देवलगांव स्थानकावर उतरलों. हा लोहमार्ग पूर्वीं अरुंद होता. गेल्या शतकाच्या अखेरीस तो रुंद झाला. दोहों बाजूंस धानाचीं कापलेलीं शेतें होतीं आणि त्यांच्या ओलींत पेरलेली लाखोरी हिरवीगार डोलत होती.

नवेगांवच्या बांधावर उभें राहिल्यावर पहिल्यानें मन गप्पच झालें. समोर दूरवर निळें पाणी, सभोंवार वनानें झांकलेल्या टेकड्या, आणि पाण्यावर उत्तरेकडून हिवाळा काढावयास आलेल्या बदकांचे थवे. हें निसर्गाचें सरोवर असावें असें वाटतें. पण तें माणसाचें काम आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तें बांधलें, असें सांगतात. टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळीनें अडवून त्यानें पावसाचें पाणी कोंडलें. लोकांनीं पुढें त्यास देव मानिलें. कोलासुर या नांवानें त्याचें ठाणें बांधावरच आहे. प्रागच्या पुलास राजाचें नांव आहे. येथें एका शेतकऱ्याचें आहे. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणत, आणि १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हां हा वारसा आपल्याहि वांट्यास आला.

दुपारीं मावशीनें पानें वाढलीं. नव्या तांदळाचा वाफाळलेला भात, गांवच्या बोडींतील रोहूचा झणझणीत रस्सा, पोपटाच्या शेंगांची भाजी, लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आणि शेवटीं उकडलेले शिंगाडे. जेवतां जेवतां बाबांनीं सांगितलें कीं रोहू, कटला व प्रागचा तो मासा हे सर्व एकाच कुळांतले. पानाकडे पाहतां माझ्या लक्षांत आलें कीं तांदूळ तलावाच्या पाण्यावरचा, लाखोरी त्याच शेताच्या ओलीवरची, मासा व शिंगाडा तर तलावांतलेच. सारें पान एका पाळीच्या आधारानें उभें होतें.

सायंकाळीं बोडीवर एक वृद्ध ढिवर जाळें सुकवीत बसले होते. "आजोबा, पूर्वींसारखे मासे मिळतात का?" असें मीं विचारलें. ते म्हणाले, "तलावात गवतच नसन, तं मासोळ्या अंडे कोठं देतीन, बाबू?" त्यांचें बोट बेशरमाच्या रानाकडे होतें. १९५१ सालीं मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले. तेव्हांपासून गाळ काढण्याची व पाळ राखण्याची गांवाची जुनी संवय पुष्कळ ठिकाणीं सुटली, पात्रें उथळ झालीं आणि देशी पाणवनस्पति नाहींशा होऊं लागल्या. तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. अर्जुनी-मोरगांवच्या परिसरांत ढिवर समाजाच्या स्त्रियांनीं चिखलांत उतरून बेशरम उपटलें, तेथें देशी वनस्पति लाविल्या, आणि त्या बोड्यांत मासे पुन्हां दिसूं लागले.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, जुनी वास्तु केवळ पाहणाऱ्यांच्या कौतुकावर टिकत नाहीं; तिचें अन्न खाणाऱ्यांनीं तिची निगा राखली तरच ती टिकते. बोहेमियाचे तलाव दरवर्षीं उपसले व सांवरले जातात, म्हणूनच प्रागच्या घरोघरीं नाताळचें पान भरतें. आपल्या गांवची बोडी कोणीं खोदली, तिचें पाणी कोणत्या शेतांस जातें, तिच्यांतला गाळ शेवटीं केव्हां निघाला, हे तीन प्रश्न या सुटींत घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारावे. उत्तरें मिळालीं तर तीं लिहून ठेवावीं. आणि गाळ काढण्याचा दिवस ठरला, तर त्या दिवशीं आपणहि टोपलें घेऊन जावें.